म्हाळूआबांचे बारा फूट

म्हाळूआबांशी कोणी बांधकामाबद्दल बोलू लागले, की ते समोरचा कागद बाजूला सारत आणि म्हणत, "चला, जागंवर." जागा म्हणजे चिकलठाण्यातले जालना रोडला लागून असलेले त्यांचे दोन प्लॉट. तिथे पत्र्याच्या गाळ्यांमागे फक्कीचे एक पोते कायम ठेवलेले असे. मुठीत फक्की घेऊन, कमरेत वाकून, आबा जमिनीवर खऱ्या मापाच्या भिंती आखत. दार कुठे, जिना कुठे, पाण्याची टाकी कुठे, सगळे पांढऱ्या रेघांत. मग आलेल्या माणसाला त्या रेघांमधून चालायला लावत. कोणी रेघ ओलांडून आडवे गेले तर रागावत. "भिंतीतून कुठं चाल्ले साहेब? दार तिकडं हाय."

"कागदावर पाय ठेवता येत नाय," असे त्यांचे म्हणणे. "माणूस चालला की कळतंय, जागा पुरती का नाय."

त्यांची माझी पहिली भेट औरंगपुऱ्यात आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात झाली. महापालिकेच्या बातम्या माझ्याकडे असत. त्यामुळे अडलेल्या फायली घेऊन येणारी माणसे मला नवी नव्हती. बहुतेकांना कोणाविरुद्ध तरी बातमी हवी असे. आबांनी नगररचना विभागाचे एक पत्र टेबलावर ठेवले आणि आधीच सांगितले, "बातमी नगं मला. ह्यात काय लिवलंय, तेवढं मराठीत सांगा." पत्र मराठीतच होते. मी ते वाचून सोप्या शब्दांत सांगितले. नकाशातल्या तीन त्रुटी दुरुस्त करून प्रस्ताव पुन्हा सादर करा, इतकाच त्याचा अर्थ होता. आबांनी तिन्ही त्रुटी बोटांवर मोजल्या, पुन्हा म्हणून दाखवल्या आणि पत्राची घडी कोपरीच्या खिशात घातली. जाताना म्हणाले, "चला, जागंवर." त्या दिवशी मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात गेलो.

तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या आसपास असावे. उंच, सडपातळ, किंचित पुढे झुकलेले. धोतर, कोपरी, डोक्याला पिवळसर पटका. नाव म्हाळू सटवाजी गडदे. घराणे मूळचे मेंढपाळांचे. वडील सटवाजींनी कळप विकून चिकलठाण्याच्या शिवारात जमीन घेतली आणि मुक्काम टाकला. पुढे कारखाने आले, रस्ता रुंद झाला, शेती भावांत वाटली गेली, काही विकली गेली. आबांच्या वाट्याला रस्त्याकडेची ही जागा राहिली. ती रीतसर अकृषिक झाली होती. तिच्यावर पत्र्याचे सात गाळे होते. पिठाची गिरणी, वेल्डिंग, चहाचे हॉटेल, केशकर्तनालय, सायकल दुरुस्ती, किराणा आणि कोपऱ्यावर रफिकभाईंचे टायर-पंक्चरचे दुकान. रफिकभाई सगळ्यांत जुने. वीस वर्षे त्याच कोपऱ्यात.

रोज सकाळी आबा रस्त्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आणि उघडलेली दुकाने मोजत. एखादे बंद दिसले तर शेजाऱ्याला विचारत, "हा का नाय आला?" ताप आला आहे, गावी गेला आहे, असे उत्तर मिळाल्याशिवाय घरी परतत नसत. आपला मुलगा विलास यावर हसतो, हे त्यांना ठाऊक होते. विलास चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझर. तो म्हणे, "आमच्या कंपनीत हजेरी मशीन घेतं. इथं आबा घेतेत."

आबांना पत्रे काढून पक्के गाळे बांधायचे होते. मागे शौचालय, पुढे गाड्या लावायला जागा, पावसाचे पाणी जाईल अशी नाली. सातही भाडेकरूंना त्यांनी शब्द दिला होता: नव्या इमारतीत प्रत्येकाला एक गाळा. आठवा विलाससाठी. आजूबाजूला लोक आधी बांधत आणि नंतर नियमात बसवून घेण्याची वाट पाहत. आबांना तोच सल्ला अनेकांनी दिला. त्यांचे उत्तर ठरलेले असे. "मेंढरू चोरून चारलं तर दूध पचत नाय. गाळा चोरून बांधला तर झोप लागत नाय. मला दोन्ही पायजे."

म्हणून अर्ज, नकाशा, मोजणी, त्रुटी, पुन्हा अर्ज. तिसऱ्या वेळी सगळे जुळून आले होते. आर्किटेक्ट मॅडमनी नकाशावर सही करण्याआधी तो आबांना दाखवला. आबांनी तो नकाशा जमिनीवर फक्कीने उतरवला, त्यातून चालून पाहिले आणि पूर्वेच्या बाजूला थांबले.

"मॅडम, इथं वाट हाय."

"कसली वाट? मोजणीच्या नकाशात नाही."

"नसू द्या. पायाखाली हाय."

त्यांचे म्हणणे खरे होते. दोन प्लॉटांच्या पूर्वेला बारा फूट रुंदीची पट्टी मोकळी होती. ती आबांच्याच मालकीची. सटवाजींनी जमीन घेतली तेव्हापासून तिथे काही पेरले नव्हते, काही बांधले नव्हते. पावसाळा सरला की जालन्याकडचे कळप पैठणच्या बाजूला, गोदावरीच्या काठाला चारणीसाठी जात. त्यांच्या येण्याजाण्याला ही पट्टी सोडलेली. कोणत्याही कागदावर तिची नोंद नव्हती. सटवाजींनी मरताना मुलाला सांगितले होते, जमीन आपली, वाट त्यांची. एवढाच आधार.

कळप शेवटचा कधी आला होता, असे मी विचारले. आबांनी विचार करून सांगितले, चार वर्षांपूर्वी. आता मेंढपाळ बाहेरच्या वळणरस्त्याने जातात. मग वाट कोणासाठी, असे विलासने माझ्यासमोरच विचारले.

"आबा, कोण येतंय आता मेंढरं घेऊन? विमानतळाला वळसा घालून?"

"न येऊ दे. आपल्याला काय करायचंय? ते आले तर आपण काय म्हणायचं, ते सांग."

"म्हणायचं, गाळा लागतो का भाड्यानं?"

आबा हसले, पण ऐकले नाही. नकाशात पूर्वेला बारा फुटांची पट्टी सार्वजनिक वाट म्हणून दाखवली गेली.

नगररचना विभागातल्या कनिष्ठ अभियंत्यांनी तो नकाशा पाहून आबांना खुर्ची दिली. मी आणि विलास त्या वेळी तिथे होतो. ते म्हणाले, "आबा, लोक रस्ता गिळून नकाशा आणतात. तुम्ही पहिलेच, स्वतःची जागा कमी करून मागणारे."

"कमी नाय साहेब. बरोबर करून मागतो."

अभियंत्यांनी मग अडचण समजावून दिली, आणि तिच्यात खोट नव्हती. वाट सार्वजनिक म्हणून दाखवली की ती प्लॉटच्या क्षेत्रातून वगळावी लागते. त्यासाठी पुन्हा मोजणी, अभिलेखात नोंद, हरकती मागवणे. इमारतीभोवती मोकळी सोडायची अंतरे नव्या हद्दीपासून मोजली जातील. आठ गाळ्यांचे सात होतील. आणि वेळ किती लागेल, हे त्यांच्या हातात नव्हते. "ही रेघ काढून टाका, मी पुढच्या आठवड्यात प्रस्ताव वर पाठवतो. तुमचीच जागा आहे. मोकळी ठेवायची तर बांधल्यावरही ठेवा की. कोण अडवतंय?"

सल्ला व्यवहारी होता. आबा म्हणाले, "मी हाय तवर ठेवीन. माझ्या मागं विलास ठेवील का?" अभियंते विलासकडे पाहत राहिले. विलास खिडकीबाहेर पाहत राहिला. आठवा गाळा त्याचा होता. तो गेला, हे त्याला त्या टेबलाशीच कळले.

प्रस्ताव मोजणीसाठी थांबला. उन्हाळ्यात एका दुपारी वावटळ आली. सायकल दुकानावरचा पत्रा उचकटून थेट जालना रोडवर पडला. कोणाला लागले नाही. एक रिक्षा थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी पाहणी झाली आणि आठवड्याभरात नोटीस आली: शेड धोकादायक आहेत, साठ दिवसांत काढून घ्या. मंजूर नकाशा असेल आणि काम सुरू होणार असेल, तर त्याच जागेवर तात्पुरत्या दुकानांची परवानगी देता येईल. मंजुरी नसेल तर जागा रिकामी.

म्हणजे आता प्रश्न सोपा झाला होता. बारा फुटांची रेघ पुसली, तर साठ दिवसांत मंजुरी येण्यासारखी होती आणि सात दुकाने तिथेच राहिली असती. रेघ ठेवली, तर सात माणसांना बाहेर जावे लागणार होते, किती काळासाठी ते कोणी सांगू शकत नव्हते. अभियंत्यांनी आबांना बोलावून हे दोन वाक्यांत सांगितले. आबांनी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत ते जागेवर आले नाहीत, दुकाने मोजली नाहीत. तिसऱ्या दिवशी जाऊन म्हणाले, "रेघ राहू द्या."

विलासने त्यांच्याशी बोलणे सोडले. मला रस्त्यात गाठून तो म्हणाला, "तुम्ही सांगा त्यांना. देवमाणूस व्हायचंय, तर सोताच्या जिवावर व्हा म्हणावं." मी सांगितले नाही. ते माझे काम नाही, असे मला तेव्हा वाटत होते.

भाडेकरूंना आबांनी नोटिशीचे सांगितले. साठातले वीस दिवस शिल्लक असताना सांगितले. पत्रे काढावे लागतील, नवी इमारत झाली की सगळ्यांना परत आणीन, म्हणाले. दुसरा एक मार्ग होता, हे सांगितले नाही. भाडेकरूंनी नोटीस म्हणजे नोटीस असे धरले आणि मिळेल तिथे जागा शोधायला लागले. पत्रे काढायच्या दिवशी आबा स्वतः शिडीवर चढले. रफिकभाईंनी खालून शिडी धरली होती. "उतरो आबा, पड गए तो मेरेकू और एक नोटीस आएगी," असे ते म्हणाल्याचे मला आठवते. सगळे हसले होते. आबा हसले नव्हते.

त्यानंतर मी बातमी दिली. आबांनी ती मागितली नव्हती. विषय चांगला होता: स्वतःच्या मालकीची बारा फूट जागा वाटेसाठी सोडणारा मालक. चार परिच्छेद, एक छायाचित्र. तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिले होते की, नकाशातली वाट पुसली असती तर मंजुरी लगेच मिळून दुकानेही वाचली असती. तरीही गडदे आपल्या भूमिकेवर ठाम राहिले. वस्तुस्थिती म्हणून त्यात एक अक्षर चूक नव्हते.

बातमी छापून आली त्या सकाळी सहा भाडेकरूंनी ती वाचली. सातव्याला, म्हणजे रफिकभाईंना, ती कोणीतरी वाचून दाखवली. तेव्हा ते एमआयडीसीच्या फाटकाजवळ दुसऱ्याच्या पंक्चरच्या दुकानात रोजंदारीवर होते. वीस वर्षांनंतर त्यांच्यावर मालक आला होता. ते आबांच्या घरी गेले, उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, तुमारे मेंढ्यों को रस्ता मिल गया. मेरी दुकान गई. अच्छा हुआ, पेपर में आया. नई तो मैं अब तक नोटीस कोच गाली दे रहा था." पाणी न घेता निघून गेले. हे मला आबांनीच सांगितले. मी चुकलो का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "तुम्ही खरं लिवलं. ते मी सांगाया पायजे होतं. तुम्ही सांगितलं, मी नाय. फरक तेवढाच."

मोजणी झाली, हरकतींची मुदत संपली, वाटेची नोंद झाली. मंजुरी चौदा महिन्यांनी आली. त्या दिवशी आबा नगररचना विभागातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात शिक्क्याचा नकाशा होता आणि चेहऱ्यावर काही नव्हते. बाहेर बाकावर बसून त्यांनी नकाशा उघडला, पूर्वेची पट्टी बोटाने वरून खाली तपासली आणि पुन्हा गुंडाळला. बांधकाम वर्षभरात झाले. सात गाळे, पुढे गाड्यांची जागा, मागे शौचालय, रस्त्यापर्यंत झाकलेली नाली. त्या भागात एवढी नीट आणि पूर्ण मंजुरीची दुसरी इमारत मला माहीत नाही.

सातांपैकी पाच भाडेकरू परतले. केशकर्तनालयवाल्याचे दुसरीकडे बस्तान बसले होते. त्याने हसत नकार दिला आणि त्याच्या जागी औषधाचे दुकान आले. कोपऱ्यावरचा गाळा रफिकभाईंसाठी होता. ते आले नाहीत. आबांनी तो दुसऱ्या कोणाला दिला नाही. मोबाइलच्या दुकानासाठी चांगले भाडे देणारी माणसे येत. आबा म्हणत, "हा गेलाय, येईल." विलास आता वडिलांशी बोलू लागला होता. तो म्हणे, "आबा, दोन वर्षं झाली. ते गावी गेले नाहीत, चिडून गेलेत." आबा म्हणत, "म्हणूनच येईल. रागावलेलं परत येतंय. कंटाळलेलं येत नाय."

वाटेवरून कळप गेला का, हे मी नोंदवून ठेवले आहे. इमारत झाल्यापासून आजपर्यंत एकदाही नाही. मागच्या वस्तीतल्या कामगार बायका मात्र सकाळ-संध्याकाळ तिथून जालना रोडला येतात. त्यांचा मोठा वळसा वाचतो. आबांना हे सांगितले तर त्यांना त्याचे विशेष वाटत नसे. "त्या येऊ द्या. पण वाट ज्यांना ठिवली ते येगळे." आपल्या निर्णयाच्या बाजूने मिळालेला एकमेव व्यवहारी पुरावाही त्यांनी कधी वापरला नाही. अनेकांना हा त्यांचा मोठेपणा वाटे. मला तो हट्टही वाटत आला आहे. दोन्ही एका माणसात असू शकतात, आणि आबांत ते इतके एकजीव होते की कोणते कुठे संपते, हे त्यांच्याजवळ बसूनही सांगता येत नसे.

आबा गेले त्याला दीड वर्ष झाले. आजार छोटा होता, झोपेत गेले. त्याआधीच्या हिवाळ्यातली एक दुपार सांगून थांबतो, कारण त्या दुपारी मी त्यांना पहिल्यांदा कोणाकडे काही मागताना पाहिले.

मी सहज भेटायला गेलो होतो. मी त्यांना विचारले, पुन्हा तशी वेळ आली तर वाटेची रेघ मारणार का? ते म्हणाले, "मारीन." थोड्या वेळाने म्हणाले, "पर आधी त्या सातांकडं जाईन. वाट माझ्या बापानं ठिवली, पर तिचं भाडं त्यांनी भरलं. मी त्यांना इचारलंच नाय. इचारलं आन् ते नाय म्हणले, तर? ह्याच भ्यानं नाय इचारलं." एवढे बोलून ते उठले, काठी घेतली आणि मला म्हणाले, "गाडी हाय ना? चला."

एमआयडीसीच्या फाटकाजवळ रफिकभाई पाण्याच्या टपात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहत होते. आबांना पाहून ते उठले नाहीत. शेजारचे स्टूल पायाने पुढे सरकवले. आबा बसले.

"रफिक, तवा तुला इचाराया पायजे होतं. रेघ मारू का नगं, ते. इचारलं नाय."

"अब्बी पूछ रहे?"

"व्हय. आत्ता."

रफिकभाईंनी ट्यूब फिरवली. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. त्यांनी तिथे खडूने खूण केली आणि ट्यूब बाहेर काढून पुसली.

"उस वखत पूछते ना आबा, तो मैं नक्को बोलता. साफ नक्को."

"मग?"

"मग क्या? तुम लकीर मारतेच. मेरेकू मालूम नई क्या तुम कैसे हो?" त्यांनी ट्यूब फडक्यावर ठेवली. "पन जगा देखने कू मेरेकू दो महिने मिलते. अच्छी जगा मिलती. मेरेकू वीस दिन में देखना पडा. उसका गुस्सा है मेरेकू. रस्ते का नई."

आबा मान खाली घालून ऐकत होते. रफिकभाईंनी दुकानाच्या मालकाकडे एकदा पाहिले, खुणेच्या जागी कानस घासायला सुरुवात केली आणि हातातले काम न थांबवता विचारले, "कोने का शटर जाम हुआ होगा ना इतने दिन में?"

"व्हय," आबा म्हणाले. "माझ्यानं उघडत नाय."

"ग्रीस लगाना पडता," रफिकभाई म्हणाले. "मैं जुम्मे को आता."